माझ्या हातची मोगरी

चहा अजून अर्धा कप ओता, मग सांगते. दुसऱ्याचा गाढवपणा कोरड्या घशानंही सांगता येतो, स्वतःचा सांगायला घसा ओला लागतो. आणि हा माझा गाढवपणा असा आहे, की तो सांगता सांगता माझे दात पडले. नातवंडं आली की तेच, पाव्हणे आले की तेच. आजी, ती मोगरीची गोष्ट सांगा. अरे, माझ्या हातून आयुष्यात बऱ्या गोष्टीही झाल्या असतील की! त्या कुणी विचारत नाही.

मोगरी म्हणजे लाकडी हातोडा, दुसरं काही नाही. जनावराच्या दाव्याची लाकडी मेख जमिनीत ठोकायची ती मोगरीनं. लोखंडी घणानं ठोकली तर मेखेचं डोकं फुटून त्याचा कुंचा होतो, आणि दगडानं ठोकली तर मेखेबरोबर बोटंही फुटतात. आमच्या घरी दगड होता. यावरून काय ते समजा.

ही गोष्ट पन्नासच्या पुढच्या सालांतली. माझं माहेर माळेगावकडचं, कालव्याच्या पाण्यावरचं. वडील माळवं, म्हणजे भाजीपाला, पिकवायचे आणि बारामतीच्या बाजारात न्यायचे. सासर मिळालं ते डाळजच्या पुढं, सडकेपासून आत, इंदापूरच्या अंगाला. तिथं एक ओढा, चार विहिरी, बाकी सगळं आभाळाच्या भरवशावर. लग्नाला सहा-सात वर्षं झाली होती, पदरात दोन पोरं होती आणि जिभेला हाड नव्हतं.

त्यात मला कुणाला काही विचारायला आवडायचं नाही. शाळेत मी गेले नाही. वाण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून, उलटेसुलटे धरून मी अक्षरं शिकले. कुणी शिकवलं नाही. आणि ज्याला अक्षर आपलं आपण येतं, त्याला वाटायला लागतं की जगातलं सगळंच आपलं आपण येतं. हा रोग आहे. मला तो होता. अजून आहे, पण आता गुडघे दुखतात म्हणून जरा कमी झालाय.

तर आमच्या म्हशीला मेख उपटायचा नाद होता. दिवसातून दोनदा उपटायची आणि दावं ओढत शेजाऱ्याच्या कडब्यावर जायची. मग मी धावायचे, तिला ओढत आणायचे, दगडानं मेख ठोकायचे. मेख फुटायची. मग नवी मेख. पुन्हा म्हैस, पुन्हा दगड, पुन्हा बोट. वर्षभर हेच. पोरांपायी बायका दमतात, मी म्हशीपायी दमले होते.

गावात सुतार एकच, गेनूतात्या. साठीचा, वाळका माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. सगळ्या गावाची औतं, गाड्या, चौकटी तोच करायचा आणि सुगीला घरटी बलुत्याचं धान्य न्यायचा. मी त्याला मोगरी करून द्या म्हणून सांगितलं. म्हणाला, देतो. पंधरा दिवसांनी विचारलं. म्हणाला, देतो. त्याचंही खरं होतं. कुणाचा कुळव मोडलेला, कुणाची पाभर, त्यात मोगरीसाठी कुणाचं अडतंय? पण तिसऱ्यांदा गेले तेव्हा मी नुकतीच म्हैस आणून बांधली होती, आणि दमलेल्या बाईला ‘देतो’ हा शब्द शिवीसारखा लागतो. मी म्हणाले, तुमच्यानं होत नसलं तर माझी मी करीन.

तात्या हसला. वाईट हसला नाही, आपला हसला.

“करा की सूनबाई. पर भाकरी थापण्यावानी न्हाय ते.”

झालं. एवढं वाक्य त्यानं बोलायला नको होतं.

चैत्र चालू होता. ओढा आटून आटून एका डोहापुरता उरला होता. मी भर दुपारी वाकळा धुवायला गेले, दुसरं काळं कुत्रं नव्हतं तिथं. डोहाच्या कडेला गाळात अर्धा रुतलेला एक ओंडका दिसला. काळाकुट्ट, शेवाळलेला, हातभर लांब, मोठ्या कळशीएवढा जाड. पुरात वाहून आलेलं भंगार लाकूड, असं मी ठरवलं. ठरवलं म्हणजे ठरवलं.

आता तुमच्यात कुणी गाड्यांच्या गावातलं असेल तर ते इथंच कपाळाला हात लावेल. बैलगाडीच्या चाकाच्या मधोमध जो जाड गोल ठोकळा असतो, ज्यात आरे बसतात, तो तुंबा. तुंबा बाभळीचा करतात, आणि त्यासाठी सुतार ते बाभळीचं लाकूड आधी वर्षभर पाण्यात मुरत टाकतो. न मुरवता केला तर उन्हानं तडकतो, आणि चाक भर रस्त्यात उलगडतं. सासरच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला नव्हतं. माझ्या माहेरी चाकं बारामतीच्या बाजारातून तयार यायची. चाक कुठून येतं? बाजारातून. माझं ज्ञान एवढं.

आणि ते लाकूड होतं कुणाचं? आमच्याच घरचं! माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी, आदल्या साली बांधावरची बाभळ तोडून तात्याकडं दिली होती, दोन नव्या तुंब्यांसाठी. त्या हंगामात नवी चाकं घालून गाडी माळेगावच्या अंगाला कारखान्याचा ऊस ओढायला लावायची, असा त्यांचा बेत होता. तो बेत पुरुषमाणसं ओसरीवर बोलायची, मी चुलीपाशी. मला कुणी सांगितला नाही आणि मी विचारला नाही.

पाण्यात मुरलेलं लाकूड किती जड असतं ते डोक्यावर घेतल्याशिवाय कळत नाही. चुंबळीवर ओंडका ठेवला आणि मान खांद्यात गेली. गाळाचं पाणी चुंबळीतून झिरपून कपाळावर, तिथून डोळ्यांत. वाटेत तीनदा थांबले. घरी पोचले तर आत्याबाई, माझ्या सासूबाई, म्हणाल्या, सरपण आणलंस, बरं केलंस. मी म्हणाले, सरपण नाही, मोगरी आहे. त्यांनी ओंडक्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा शेंगा फोडायला लागल्या. माझ्याशी बोलून उपयोग नाही, हे त्यांना लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यातच कळलं होतं. शिवाय त्यांची नजर अधू. आमचे मालक त्या महिन्यात बैल घेऊन भावकीच्या विहिरीच्या कामावर होते, दिवस मावळताना यायचे आणि जेवून आडवे व्हायचे. गोठ्यामागं मी काय मांडलंय ते बघायला कुणी आलं नाही. देवानंच तशी सोय केली होती म्हणा.

हत्यार हवं म्हणून मी कुठं गेले असेन? गेनूतात्याच्याच घरी. तो परगावी कुणाच्या गाडीला नवं चाक बसवायला गेला होता, हे त्याच्या कारभारणीनं सांगितलं आणि जुनी करवत काढून दिली. म्हणजे बघा, त्यानंच मुरत टाकलेलं लाकूड, त्याच्याच करवतीनं.

चार दिवस लागले. करवत माझं ऐकेना आणि मी करवतीचं ऐकेना. चार बोटं जाडीची चकती निघाली, ती कुऱ्हाडीनं तासून चौकोनी केली. सळई चुलीत लाल करून भोक पाडलं. मोडक्या फावड्याचा दांडा कापून त्यात घातला. हातांना फोड आले, ते फुटले, त्यावर आणखी आले. पण मोगरी झाली! मी ती तुळशीपाशी नेऊन ठेवली, खोटं कशाला सांगू, हळदकुंकू वाहायचंच तेवढं राहिलं.

उरलेला ओंडका फोडून उन्हात टाकला आणि वाळेल तसा न्हाणीच्या चुलीत घातला. बाभळीचा विस्तव म्हणजे विस्तव. मामंजी अंघोळ करून आले आणि म्हणाले, आज पाणी झकास तापलं होतं. असं ते आठ दिवस म्हणत होते. आपल्या नव्या गाडीचं एक चाक त्यांनी तांब्यातांब्यानं अंगावर ओतून घेतलं. एक बुडखा तेवढा कुऱ्हाडीला दाद देईना, तो अर्धा जळका न्हाणीमागं पडून राहिला.

मग वैशाखात एके सकाळी गेनूतात्या आमच्या ओसरीवर येऊन बसला. पाणी दिलं तर प्याला नाही. मामंजींना सगळा गाव आबा म्हणायचा.

“आबा, डोहात एकच ओंडका हाय. दुसरा न्हाय.”

हे त्यानं आपल्या पायांनी येऊन सांगितलं. चोर असता तर आला असता का? पण हे शहाणपण मला आज सुचतंय. त्या दिवशी माझ्या मनात तात्याचं हसू होतं, भाकरी थापणं होतं आणि करवत आणताना ऐकलेलं ते परगावचं नवं चाक होतं. डोहातून मीही एक ओंडका नेला होता, पण तो भंगार असं मी ठरवलेलं, म्हणून या ओंडक्याशी त्याचा संबंध मनातही आला नाही. मी दाराआडून म्हणाले, मागल्या महिन्यात परगावच्या गाडीला नवं चाक बसवलं, त्याचं लाकूड कुठून आणलं म्हणावं?

एवढंच बोलले. मामंजींचा चेहरा बदलला. तात्यानं सांगितलं, ते लाकूड त्या लोकांचंच होतं. पण माझा शब्द पडला तो पडला. दोन दिवसांत गावभर झालं, गेनूनं आबाची बाभळ परगावी घातली. मग ज्याला त्याला आपापलं जुनं लाकूड आठवायला लागलं. कुणाची चौकट लहान निघाली होती, कुणाच्या खाटेला एक पाय वेगळ्या लाकडाचा होता. सगळं गेनूच्या अंगावर.

मामंजी म्हणाले, पंचांपुढं बोलू, आणि खरं निघालं तर बलुतं बंद, सुतार इंदापुराहून आणू. आमच्या घरानं बंद केलं की गावानं केलंच. साठीच्या माणसानं हत्यारांची पेटी उचलून जायचं कुठं? बरं, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. रात्री भाकरी गिळताना ती घशात अडकत होती. पण मला वाटायचं, न्यायाची बाजू घेतली की घशाला थोडा त्रास व्हायचाच.

पंच आमच्याच ओसरीवर जमले. पाटील आणि दोन जाणते घोंगडीवर, मामंजी शेजारी, तात्या खाली जमिनीवर. तो नेहमी घोंगडीवर बसायचा. त्या दिवशी त्याला कुणी बस म्हणालं नाही.

त्या काळी सुनेनं पंचांपुढं तोंड उघडायचं नसतं. मी उघडलं, आणि मिटेना. डोक्यावर पदर, दाराच्या चौकटीला पाठ आणि तोंडाचा पट्टा सुरू. कुणाच्या घामाची बाभळ, कुणाच्या हंगामाचं नुकसान, विश्वासानं दिलेलं लाकूड असं जातं तर उद्या घराचा दरवाजा जाईल! पाटील माझ्याकडं कौतुकानं बघत होते. मामंजींनाही आत कुठंतरी बरं वाटत असावं. तात्या जमिनीकडं बघत होता.

तेवढ्यात म्हशीनं मेख उपटली. अंगणात, सगळ्यांच्या देखत. मी बोलता बोलता उतरले, म्हशीला धरलं आणि मोगरी घेऊन मेख ठोकायला लागले. एकेक ठोका तात्याच्या नावानं. आणि ठोकता ठोकता तोंड चालूच, लाकूड गेलं कुठं? जमिनीनं गिळलं का?

अहो, हातात काय होतं माझ्या!

तात्यानं मान वर केली. आधी माझ्याकडं नाही, मोगरीकडं पाहिलं. मग मान तिरकी करून दोन-तीन ठोके ऐकले, वैद्य नाडी बघतो तसे.

“सूनबाई, मोगरी झाली म्हणायची.”

मी म्हणाले, झाली, देतो देतो म्हणत बसले नाही कुणासारखी. लाकूड कसलं, त्यानं विचारलं. भंगार, मी म्हणाले, वाहून आलेलं. त्यानं हात पुढं केला. मी मोठ्या तोऱ्यात मोगरी दिली. त्यानं ती तळहातावर तोलली, नाकाला लावली, अंगठा फिरवला आणि परत दिली.

“भंगार,” तो म्हणाला.

मग तो पाटलांना म्हणाला, जे हरवलंय ते पंचांनी डोळ्यांनी तरी बघावं. जोडीचा ओंडका डोहात आहे, तो आणू. “मला उचलत न्हाय. सूनबाई येतील का संगं?” मला वाटलं, म्हातारा आता दया मागतोय. मी पदर खोचला आणि त्याच्या पुढं चालायला लागले.

डोहाशी त्यानं काठीनं जागा दाखवली. मी गुडघाभर गाळात उतरून ओंडका काढला. चुंबळ ठेवली. त्यानं हात लावला, आणि ओंडका डोक्यावर बसला.

डोळ्यांना कळायच्या आधी माझ्या मानेला कळलं. तेच वजन. तोच गारवा चुंबळीतून कपाळावर उतरणारा, तोच आंबूस वास. मान म्हणाली, बाई, हे आपण एकदा नेलंय.

मी तशीच उभी राहिले. तात्या पुढं निघाला होता, तोही थांबला. पण वळला नाही.

“तात्या, दुसरा असाच हुता?”

“जुळा भाऊ. येकाच बुंध्याचा.”

“तुमाला कवा कळलं?”

“तुमी मेख ठोकली तवा. मुरल्याली बाभळ टणटण वाजत न्हाय, आवाज गिळती.”

“मग तितंच बोलायचं न्हाय का?”

“म्या बोललो असतो तर पंचांनी ऐकलं असतं? ते ऱ्हाऊ द्या. तुमी ऐकलं असतं?”

मी ऐकलं नसतं. उलट मोगरीला हात लावला म्हणून त्याला आणखी चार शब्द सुनावले असते. हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं माझ्याशी वाद घातलाच नाही. ओंडकाच माझ्या डोक्यावर ठेवला.

ओढ्यापासून आमचं घर चार शेतं लांब. त्या चार शेतांत मी जेवढी दमले तेवढी दोन बाळंतपणांत दमले नव्हते. आणि दुसऱ्या शेतापर्यंत माझ्या मनात काय होतं ते विचारू नका. मोगरी विहिरीत टाकावी, बुडखा उकिरड्यात पुरावा, गप्प बसावं. कुणाला कळणार आहे? तात्या सांगेल, पण त्याचं कोण ऐकतंय? त्याचं कुणी ऐकू नये याची सोय मीच तर करून ठेवली होती. तात्या पुढं अनवाणी चालला होता, भेगाळलेल्या टाचांनी, एकदाही मागं न बघता. त्यानं वळून पाहिलं असतं, गयावया केली असती, तर मी कदाचित गप्प बसले असते. पण तो वळलाच नाही. असल्या माणसाशी खोटं कसं खेळायचं?

अंगणात ओंडका टाकला आणि म्हणाले,

“मामंजी, दुसरा ओंडका म्या नेला. त्याची मोगरी केली, उरला त्यो जाळला. गेनूतात्याचा ह्यात काडीचा संबंध न्हाय.”

मी आयुष्यात कितीदा चुकीचं भांडले असेन, प्रत्येक वेळी लोकांनी माझं ऐकलं. आणि हे एवढं खरं बोलले, तर कुणी ऐकेना! पाटील हसले. म्हणाले, वाटेत गेनूनं पाय धरलेले दिसतात. मामंजी म्हणाले, पोर तोंडाची तिखट आहे, पण मन मऊ आहे हो तिचं. माझं मन मऊ आहे हे त्या घरात पहिल्यांदाच कुणी बोललं, आणि तेही नको त्या वेळी.

मी न्हाणीमागून बुडखा आणला, धुतला, ओंडक्याशेजारी ठेवला. तात्या प्रत्येक घरच्या लाकडावर खाचा पाडून ठेवायचा. आमच्या घरची खूण तीन खाचा. ओंडक्यावर तीन होत्या, बुडख्यावर दोन शाबूत आणि तिसरी जळालेली. मी त्या कुऱ्हाडीच्या खुणा समजले होते. पंचांनी वाकून पाहिलं. मला वाटलं, सुटलो.

पण पाटील म्हणजे पाटील. त्यांनी मोगरी उचलून धरली.

“लाकूड हितंच सापडलं, खरं. पर ही काय बाईमाणसाच्या हातची करणी हाय? ही गेनूनं केली. ओंडका त्यानंच कापला, सूनबाईला मोगरी करून दिली, बुडखा हितं टाकला. बाकीचं परगावी घातलं. करवत कुणाची हुती?”

करवत गेनूची होती. आता यावर काय बोलणार? मी म्हणत होते, अहो मी केली, आणि ते म्हणत होते, करवत तर गेनूची. मी हातांवरचे फोडांचे वण दाखवले, तर एक जाणता म्हणाला, ते दावं ओढूनही येतात. माझ्या कबुलीनं तात्याला वर काढायचं सोडून आणखी गाळात घातलं. मघापर्यंत त्याच्यावर नुसता संशय होता, आता पुरावा होता. आणि तो पुरावा मी चार दिवस खपून, सळई तापवून, डोळे सुजवून तयार केला होता!

तात्याच्या तोंडावरचा रंग गेला. मग तो उठला.

“मोगरी हिकडं द्या, पाटील. चाळीस वर्सं हत्यार धरलंय म्या. ही माझी करणी वाटती तुमाला?” आणि माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, “सूनबाई, राग धरू नगा.”

मग सुरू झालं. भोक बघा, म्हणाला, एका अंगानं शिरलंय आणि दुसऱ्या अंगानं भलतीकडंच निघालंय. करवतीच्या रेघा बघा, तीन वेळा सुरुवात केलीय आणि तिन्ही वेळा सोडून दिलीय. लाकडाची रग, म्हणजे आतल्या रेघा, उभी पाहिजे, ती आडवी घेतलीय, सुताराचं पोर हे झोपेतसुद्धा करणार नाही. एक तोंड रुंद, एक अरुंद. पाचर उलटी. दांडा आखूड. एकेक दोष काढायचा आणि पाटील माझ्याकडं बघून विचारायचे, काय सूनबाई, खरं का? आणि मी म्हणायचे, खरं.

सहा वेळा म्हणाले. पंचांपुढं, सासऱ्यापुढं, दारात जमलेल्या आयाबायांपुढं. माझी मोगरी जितकी वाईट ठरत होती तितका तात्या सुटत होता. मी मनात म्हणत होते, काढ बाबा, अजून काढ.

तरी पाटील हटेनात. म्हणाले, मुद्दाम वाईट करून दिली असेल, संशय येऊ नये म्हणून.

तात्याकडं आता काही उरलं नव्हतं. त्यानं मोगरी खाली ठेवली आणि चष्मा काढून धोतरानं पुसायला लागला. चष्मा स्वच्छच होता.

मग मी आत गेले, दाभण घेऊन आले आणि मोगरी मांडीवर घेऊन बसले. म्हणाले, पाटील, सातवी खोड मी दाखवते. ही तात्याला ठाऊक नाही, तुम्हाला दिसायची नाही, हे करणाऱ्यालाच माहीत. आणि मोगरीच्या गालावर, जिथं करडईचं तेल चोपडून मी छान चकाकी आणली होती, तिथं दाभण घातलं. डिंक आणि राख भुरुभुरु बाहेर आली. त्याखाली बोटभर लांब चीर. मोगरी उन्हात ठेवली तेव्हा ती गेली होती. मी ती बुजवून, लिंपून, वरून तेल फिरवून ठेवली होती आणि नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

पाटलांनी चिरेत नख घालून पाहिलं. मग म्हणाले, बाईचीच करणी.

मामंजी उठले, तात्याचा दंड धरून त्याला घोंगडीवर आपल्या शेजारी बसवलं आणि आत बघून गूळपाणी आणा म्हणाले. या वेळी तात्या प्याला. मला कुणी रागावलं नाही, कुणी शिवी दिली नाही. मीच गूळपाणी दिलं आणि भांडी घासायला बसले. त्या साली आमची गाडी उसाला गेली नाही. मामंजींनी बांधावरची दुसरी बाभळ तोडली, तिचा ओंडका डोहात नेऊन टाकायचं काम माझ्याकडं आलं. मान माझीच होती ना.

तर अशी ही मोगरी. तात्यानं काढलेले सहाही दोष मी मान खाली घालून कबूल केले. त्यातले पाच खरे होते, आजही म्हणते. भोक वाकडं होतं, रग आडवी होती, पाचर उलटी होती, सगळं खरं. पण दांडा आखूड होता, हे साफ खोटं. तात्याच्या हाताला तो आखूड असेल. मी तो माझ्या हाताच्या मापानं कापला होता, बोटाबोटानं मोजून. हे मला तिथंच ओरडून सांगायचं होतं. घशापर्यंत आलं होतं. पण त्यावर वाद घातला असता तर पाटलांनी पुन्हा धागा पकडला असता आणि तात्या पुन्हा अडकला असता. म्हणून जन्मात पहिल्यांदा मी खरं गिळलं आणि म्हणाले, व्हय, आखूड हाय.

तात्या गेला, पाटील गेले, मामंजी गेले. आता कुणी उरलं नाही म्हणून तुमच्यापाशी बोलते. मोगरी पुढं आठच दिवसांत त्या चिरेतून दुभंगली, दोन तुकडे दोन बाजूंना पडले आणि म्हैस सरळ शेजाऱ्याच्या कडब्यावर गेली. मी अंगणात उभी होते, हातात नुसता दांडा घेऊन.

धरून पाहिला. अगदी मापात होता.